स्थायिक असणे आणि स्थायिक ठरणे : पॉलेट विल्सन प्रकरणाचा अभ्यास

2015 साली इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन शहरात राहणाऱ्या पॉलेट विल्सन यांना ब्रिटिश गृहखात्याचे पत्र आले. त्या या देशात बेकायदा राहत असून त्यांना येथे राहण्याचा अधिकार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. विल्सन यांना ब्रिटनमध्ये येऊन तेव्हा 47 वर्षे झाली होती. पत्र वाचून त्या इतक्या गोंधळल्या, की काही दिवस त्यांनी स्वतःच्या मुलीलाही त्याबद्दल सांगितले नाही.

1956 साली जमैकात जन्मलेल्या विल्सन यांना 1968 मध्ये, लहान वयातच, त्यांच्या आईने इंग्लंडमध्ये आजीआजोबांकडे पाठवले. श्रॉपशायर परगण्यात त्या वाढल्या, तेथेच शाळेत गेल्या आणि पुढे स्वयंपाकी म्हणून नोकरी करू लागल्या. एके काळी त्या ब्रिटिश संसदेच्या उपाहारगृहातही कामाला होत्या. नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याचे, 34 वर्षांचे हप्ते त्यांच्या नावावर जमा होते. मुलगी आणि नात याच देशात जन्मल्या. पासपोर्ट मात्र त्यांनी कधी काढला नव्हता, कारण देशाबाहेर जाण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

एखाद्या परक्या देशात कायमचे स्थायिक होणे म्हणजे काय, असा प्रश्न विचारला तर बहुतेक लोक जे वर्णन करतील, ते या आयुष्याशी तंतोतंत जुळते. तरीही पत्रानंतर विल्सन यांची घरभाड्याची सरकारी मदत आणि आजारपणाचा भत्ता बंद झाला, दर महिन्याला सॉलिहल येथील कार्यालयात हजेरी लावणे बंधनकारक झाले आणि ऑक्टोबर 2017 मध्ये अशाच एका हजेरीच्या वेळी त्यांना ताब्यात घेऊन बेडफर्डशायरमधील यार्ल्स वूड या स्थानबद्धता केंद्रात ठेवण्यात आले. आठवड्याभराने त्यांना हीथ्रो विमानतळाजवळच्या केंद्रात हलवले, तेव्हा पुढची पायरी जमैकाचे विमान हीच होती. त्या देशात त्यांनी जवळजवळ 50 वर्षांत पाऊल ठेवलेले नव्हते. स्थानिक खासदार आणि वुल्व्हरहॅम्प्टनमधील निर्वासितांसाठी काम करणारी एक संस्था अगदी शेवटच्या क्षणी मध्ये पडली, म्हणून हद्दपारी टळली. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘द गार्डियन’ या दैनिकाने ही हकीकत छापली आणि त्यानंतर अशाच हकीकती एकामागून एक पुढे येऊ लागल्या. पुढे ज्याला विंडरश प्रकरण हे नाव पडले, त्याला वाचा फुटली ती येथून.

प्रस्तुत लेखनाचा हेतू त्या संपूर्ण घोटाळ्याचा इतिहास सांगणे हा नाही. विल्सन यांच्या एका प्रकरणात एक नेमका पेच दिसतो: माणूस स्थायिक असतो आणि तो स्थायिक ठरतो, या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली घडायला आयुष्य लागते आणि दुसरी घडायला कागद. या दोहोंमध्ये अंतर पडले, तर त्याची किंमत कोण चुकवते, हे येथे पाहायचे आहे.

कायद्याने काय ठरवले होते

22 जून 1948 रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवासी लंडनजवळील टिलबरी बंदरात उतरले. जहाज मुळात जर्मन होते. ‘मोंटे रोसा’ या नावाने बांधलेले हे जहाज युद्धात ब्रिटनच्या हाती लागले आणि त्याचे नामांतर झाले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने राष्ट्रीयत्वाचा नवा कायदा मंजूर केला आणि ब्रिटन व त्याच्या वसाहती यांतील लोकांना एकच, समान नागरिकत्व दिले. साहजिकच, त्या काळात आलेली माणसे परदेशात आलो असे समजून आलेली नव्हती. ती कायद्याच्या दृष्टीनेही एकाच राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आलेली होती, आणि म्हणून ‘स्थलांतरित’ हा शब्द त्यांना लावताना थोडे थबकावे लागते.

विल्सन यांची गोष्ट या चित्रात पूर्णपणे बसत नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे आहे. जमैका 6 ऑगस्ट 1962 रोजी स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या ब्रिटनमधील प्रवेशावर पहिल्यांदा निर्बंध आले. विल्सन आल्या त्या 1968 साली हे निर्बंध आणखी कडक करण्यात आले. म्हणजे विंडरशवरून उतरलेल्यांच्या आणि विल्सन यांच्या कायदेशीर स्थानात फरक होता. वृत्तपत्रांनी या सर्वांना मिळून ‘विंडरश पिढी’ म्हटले, ते सोयीचे होते. पण त्यामुळे सगळे एकाच हक्काने आले होते असा समज पसरला, आणि तो बरोबर नाही.

विल्सन यांचा हक्क आला तो 1971 च्या इमिग्रेशन कायद्यातून. हा कायदा 1 जानेवारी 1973 पासून लागू झाला. त्या दिवशी जी व्यक्ती ब्रिटनमध्ये ‘स्थायिक’ असेल, तिला अनिश्चित मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी मिळाली आहे असे मानावे, अशी तरतूद त्याच्या पहिल्याच कलमात आहे. स्थायिक कोणाला म्हणायचे, हेही कायदा सांगतो: जिचे सर्वसाधारण वास्तव्य ब्रिटनमध्ये आहे आणि जिच्या वास्तव्यावर कोणतीही कालमर्यादा घातलेली नाही, ती व्यक्ती स्थायिक. कायद्याच्या भाषेत एरवी क्वचितच दिसणारे औदार्य या व्याख्येत आहे. अर्ज नाही, शुल्क नाही, मुलाखत नाही. अमुक तारखेला माणूस तेथे राहत होता एवढे पुरे. शाळेत जाणारी पॉलेट त्या दिवशी श्रॉपशायरमध्ये राहत होती, आणि तिला पत्ताही नसताना तिचा कायमचा हक्क त्या दिवशी पक्का झाला.

औदार्याची दुसरी बाजू अशी, की ज्यांना हा हक्क मिळाला त्यांना सरकारने कोणताही दाखला दिला नाही, आणि त्यांची यादीही स्वतःजवळ ठेवली नाही. हक्क दिला, पावती दिली नाही. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक पोटकलम आहे, ज्याकडे 1973 साली फार कोणी लक्ष दिले नसावे: एखादी व्यक्ती या कायद्यातील सवलतीस पात्र आहे की नाही असा प्रश्न निर्माण झाल्यास, ते सिद्ध करण्याची जबाबदारी सवलतीचा दावा करणाऱ्या व्यक्तीवर राहील. एका कलमाने न मागता दिलेल्या गोष्टीचा पुरावा दुसरे कलम घेणाऱ्याकडेच मागते. पुढे जे काही घडले, त्याचे बीज या दोन कलमांच्या शेजारात आहे, असे माझे मत आहे.

पुढची संधी 1981 च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने आली. तो 1983 पासून अमलात आला आणि 1973 पूर्वीपासून स्थायिक असलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांना 1987 अखेरपर्यंत नोंदणी करून ब्रिटिश नागरिक होण्याची मुभा मिळाली. अनेकांनी नोंदणी केली. ज्यांनी केली नाही, त्यांचा राहण्याचा हक्क मात्र त्यामुळे बुडणार नव्हता. मग शुल्क भरून जे आपले आहे तेच पुन्हा कशाला मागायचे, असा विचार कोणी केला असेल तर त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही.

सीमा घरापर्यंत येते

1973 ते 2012 या काळात विल्सन यांच्याकडे कागद नाहीत म्हणून त्यांचे काहीही अडले नाही. हक्क तोच आणि कागदांचा अभावही तोच, तरीही अडचण एकाएकी उभी राहिली, याचे कारण सरकारच्या बदललेल्या कार्यपद्धतीत आहे. तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी 2012 साली बेकायदा स्थलांतरितांसाठी ब्रिटनमध्ये ‘प्रतिकूल वातावरण’ निर्माण करण्याचे धोरण जाहीर केले आणि 2014 व 2016 च्या कायद्यांनी त्याला रूप दिले. सीमेवरच्या अधिकाऱ्याने करायची तपासणी आता घरमालक, नोकरी देणारे, बँका, रुग्णालये आणि वाहन परवाना देणारी कार्यालये यांच्याकडे सोपवली गेली. बेकायदा कामगार ठेवल्यास मालकाला माणशी 20,000 पौंडांपर्यंत, आणि बेकायदा भाडेकरू ठेवल्यास घरमालकाला माणशी 3,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकत असे.

घरमालकांनी करायच्या तपासणीचा पहिला प्रयोग डिसेंबर 2014 मध्ये वेस्ट मिडलंड्समधील काही भागांत झाला, आणि त्यांत वुल्व्हरहॅम्प्टन होते. विल्सन यांना पत्र आले ते पुढच्या वर्षी. या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे असा दावा मी करत नाही; पण ज्या शहरात हे धोरण सर्वांत आधी घरांच्या दारांशी पोहोचले, त्याच शहरातील एका बाईपासून हे प्रकरण उघडकीस यावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या व्यवस्थेत दंडाच्या भीतीने वागणारा घरमालक किंवा मालक हा कायद्याचा अभ्यासक नसतो. 1971 च्या कायद्याचे पहिले कलम त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला समोर पासपोर्ट किंवा बायोमेट्रिक कार्ड हवे असते, आणि ते नसले की तो सावधपणे नकार देतो. कोणावर कारवाई करायची हे सरकारने ठरवण्याऐवजी, कोणाचा संशय घ्यायचा हे हजारो अनभिज्ञ माणसांवर सोडून दिल्यावर, कायद्याने स्थायिक पण कागदाने कोरा असलेला माणूस प्रत्येक खिडकीवर बेकायदा माणसासारखाच दिसू लागतो. त्यात रंगाचा आणि नावाचा भाग किती होता, हा प्रश्न टाळता येणार नाही; त्याबद्दल पुढे येईल.

पुराव्याचे ओझे

स्वतःचे वास्तव्य सिद्ध करायचे म्हणजे नेमके काय करायचे? अशा प्रकरणांत गृहखाते वास्तव्याच्या प्रत्येक वर्षासाठी चारपर्यंत पुरावे मागत असे. 1968 पासून 2017 पर्यंतचा हिशेब केला, तर ही संख्या 190 च्या पुढे जाते. 1974 सालच्या भाड्याची पावती, 1979 मधील दवाखान्याचे कार्ड, 1983 चा पगाराचा कागद असे काही कोणाच्या घरात शिल्लक असेल, तर तो योगायोगच समजावा. मूल म्हणून आलेल्या माणसाच्या बाबतीत तर पहिल्या दहा वर्षांचे कागद त्याच्या नावावर असण्याची शक्यताही कमी: घर आजीआजोबांच्या नावावर, बिले त्यांच्या नावावर, आणि शाळेने जुने दाखले जपले असतील तर नशीब.

विल्सन यांचे 34 वर्षांचे विमा हप्ते सरकारच्याच एका खात्याच्या दप्तरी नोंदलेले होते. त्या नोंदी दरवर्षी, नियमाने आणि सरकारी हातांनी झालेल्या होत्या. एक खाते त्यांच्याकडून हप्ते घेत राहिले आणि दुसरे खाते त्याच वर्षांबद्दल, त्या येथे होत्या कशावरून, असे विचारत राहिले. या विसंगतीला कार्यालयीन ढिसाळपणा म्हणून सोडून देता येईल, पण माझ्या मते ती त्याहून खोल आहे. कर आणि विमा यांच्या दृष्टीने माणूस असतो तो त्याच्या योगदानामुळे, तर इमिग्रेशनच्या दृष्टीने तो असतो त्याच्या परवानगीमुळे. पहिल्या अर्थाने स्थायिक असलेला माणूस दुसऱ्या अर्थाने तसा असेलच असे नाही, आणि या दोन नोंदवह्या समोरासमोर मांडण्याची जबाबदारी कोणत्याही अधिकाऱ्यावर नव्हती.

याच संदर्भात लँडिंग कार्डांची गोष्ट येते. जहाजातून किंवा विमानातून उतरणाऱ्यांची नावे आणि आगमनाची तारीख असलेली जुनी कार्डे गृहखात्याच्या ताब्यात होती. ती 2010 साली नष्ट करण्यात आली. कार्डावरून केवळ आगमन कळते, त्यानंतरचे सलग वास्तव्य कळत नाही, असे खात्याचे म्हणणे होते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला आगमनाची तारीख मिळणे म्हणजे दोरीचे एक टोक हाती येणे असते. शिवाय प्रश्न 1 जानेवारी 1973 च्या आधी आला की नंतर आला एवढाच असेल, तर ते कार्ड निर्णायक ठरू शकले असते. पुरावा मागणाऱ्यानेच पुरावा जाळला, असे तेव्हा बोलले गेले. त्यात वक्तृत्वाचा भाग असला, तरी वस्तुस्थितीचाही होता.

काहींच्या बाबतीत आणखी एक अडथळा होता. अनिश्चित मुदतीची परवानगी असलेला माणूस दोन वर्षांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिला, तर ती परवानगी गळून पडते. आजारी आईवडिलांसाठी किंवा सुट्टीसाठी कॅरिबियनमध्ये गेलेल्या काही जणांना परतीचा प्रवेश नाकारला गेला आणि नाकारलेल्या अवस्थेतच दोन वर्षे उलटली. विल्सन कधी बाहेर गेल्याच नाहीत, म्हणून या फेऱ्यातून त्या वाचल्या. स्थायिकपण टिकवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे जागचे न हलणे, असा विचित्र निष्कर्ष यातून निघतो.

चूक मान्य झाल्यावर

एप्रिल 2018 मध्ये, तोवर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांनी कॅरिबियन देशांच्या नेत्यांची माफी मागितली, आणि महिना संपण्याआधी गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले साजिद जाविद यांनी ‘प्रतिकूल वातावरण’ हा शब्दप्रयोग बाजूला ठेवला. त्यामागचे कायदे मात्र राहिले. खात्याने केलेल्या जुन्या नोंदींच्या तपासणीत, 1973 पूर्वीपासून ब्रिटनमध्ये असण्याची शक्यता असलेल्या 164 जणांना स्थानबद्ध किंवा हद्दपार केल्याचे आढळले, त्यांपैकी 83 जणांना देशाबाहेर पाठवण्यात आले होते. त्यांतील किमान 11 जणांचा दरम्यान मृत्यू झाला होता. हद्दपारीचे आकडे ठळकपणे छापले गेले. नोकरी गेलेले, घर गेलेले, उपचार नाकारले गेलेले लोक त्याहून कितीतरी अधिक होते.

वेंडी विल्यम्स यांचा स्वतंत्र चौकशी अहवाल मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जे घडले ते आधी दिसण्यासारखे आणि टाळता येण्यासारखे होते, असे त्यांनी नोंदवले. वंशाच्या प्रश्नाबाबत खात्यात संस्थात्मक पातळीवर अज्ञान आणि बेफिकिरी होती, आणि ती संस्थात्मक वंशवादाच्या व्याख्येतील काही घटकांशी जुळते, हा त्यांचा निष्कर्ष मोजक्या शब्दांत मांडलेला असला तरी पुरेसा कठोर आहे. अहवालात 30 शिफारशी होत्या. सरकारने त्या सर्व स्वीकारल्या आणि जानेवारी 2023 मध्ये त्यांतील तीन सोडून दिल्या.

भरपाईची योजना एप्रिल 2019 मध्ये सुरू झाली. आयुष्यावर झालेल्या परिणामाबद्दलची किमान रक्कम सुरुवातीला 250 पौंड होती; डिसेंबर 2020 मध्ये ती 10,000 पौंडांवर नेण्यात आली. चाळीसपट वाढीवरून आधीचा अंदाज किती तोकडा होता, ते उघड होते. येथेही अर्जदाराला नुकसानाचे पुरावे द्यावे लागत होते, आणि पुरावे नसल्यामुळेच ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडे नुकसानाचे पुरावे कोठून येणार, हा प्रश्न अनेकांनी विचारला.

विल्सन यांचा राहण्याचा हक्क मान्य झाला आणि त्यांना तसे कार्ड मिळाले. त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. आपल्यासारख्या इतरांसाठी त्या जाहीरपणे बोलत राहिल्या. जून 2020 मध्ये 1,30,000 हून अधिक सह्यांचे निवेदन घेऊन त्या इतरांबरोबर पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेल्या. पुढच्याच महिन्यात, वयाच्या 64 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शेजारचे एक उदाहरण

विंडरश प्रकरण गाजत असतानाच ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तयारी करत होते, आणि तेथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांचे काय करायचे हा प्रश्न समोर होता. दोन मार्ग होते. एक म्हणजे 1973 सारखा: अमुक तारखेला येथे राहत असाल तर हक्क तुमचा, कागद केवळ त्याची खूण. दुसरा म्हणजे अर्ज केल्याशिवाय हक्कच नाही. ब्रिटनने दुसरा मार्ग निवडला आणि बहुतेकांसाठी 30 जून 2021 ही अर्जाची अंतिम तारीख ठरवली. कागदाविना हक्क दिल्यास काय होते हे विंडरशने दाखवले आहे, असे त्याचे समर्थन करण्यात आले. समर्थन अगदीच निराधार नाही. पण पहिल्या पद्धतीत कागद नसलेला माणूस निदान कायद्याने बरोबर असतो. दुसऱ्या पद्धतीत अर्ज करायचा राहून गेलेली वृद्ध बाई कायद्यानेही चूक ठरते. मला पहिली चूक दुरुस्त करणे सोपे वाटते.

या नव्या योजनेत एक सोय होती. अर्जदाराने नॅशनल इन्शुरन्स क्रमांक दिला, की यंत्रणा कर आणि भत्त्यांच्या सरकारी नोंदी आपणहून तपासत असे, आणि पुरेशी वर्षे तेथे सापडली तर वास्तव्याचा दुसरा पुरावा मागितला जात नसे. म्हणजे दोन नोंदवह्या समोरासमोर मांडणे शक्य होते. विल्सन यांच्या 34 वर्षांचे हप्ते त्याच नोंदींत होते. दाव्याची सिद्धता दावा करणाऱ्यावर टाकणारे 1971 च्या कायद्यातील ते पोटकलम, काही शब्द बदलून, आजही लागू आहे.